रॅम वाढवून देतो म्हणून आप्पांकडून पैसे घेतले, आणि वर दर आठवड्याला खात्यातून कापले जात होते

खान्देशातल्या सगळ्यांसाठी लिहितेय, खास करून ज्यांचे आईवडील गावाला राहतात आणि फोन स्वतःच वापरतात त्यांच्यासाठी. "फोन स्लो झाला का, रॅम वाढवून देतो" असं कोणी दुकानदार म्हणाला तर फोन त्याच्या हातात देऊच नका. मोबाईलची रॅम, म्हणजे ॲप चालू असताना फोनला लागणारी कामाची मेमरी, दुकानात वाढत नसते. ती चिप कारखान्यातूनच बोर्डावर पक्की बसून येते, कॉम्प्युटरमधे नवी पट्टी लावतात तशी सोय त्यात नाही. तरी दुकानाबाहेर बिनधास्त पाटी लावून हे चालू आहे आणि माझ्या वडिलांना ह्यातच फसवलं.

माझं माहेर पारोळा तालुक्यात. आप्पांची शेती म्हणजे कापूस आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा मका. फोन त्यांचा साधाच, ४ जीबी रॅम ६४ जीबी स्टोरेज, चार-पाच वर्षं जुना. पावसाळ्यात तो फार हँग मारायला लागला. आता कोणी म्हणेल म्हाताऱ्या माणसाचा फोन स्लो असला तर काय बिघडलं, पण बिघडतं ना. ई-पीक पाहणी करायची तर शेतात उभं राहून पिकाचा फोटो फोनवरूनच टाकावा लागतो, ती राहिली तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही. सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी कंपनीला, कापूस द्यायचा तर २०२५ पासून कपास किसान ॲपवर नोंदणी, स्लॉट पण तिथूनच. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ८११० रुपये होता आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन किती कमी मागतो ते कापूसवाल्यांना मी काय सांगू. म्हणजे फोन चालला नाही तर सरळ पैशाचंच नुकसान. आप्पा शेतात उन्हात उभे, ॲपचं ते चक्र गोल फिरतंय, फोटो काही जात नाही, आणि मला जळगावला फोन करून म्हणायचे, "माय, फोन चालीच नई राह्यना."

मग एका बाजाराच्या दिवशी ते गेले मोबाईलच्या दुकानात. दुकानाचं नाव आणि गाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. बाहेर बोर्ड होता, मोबाईल स्लो, हँग, १५ मिनिटात नव्यासारखा. आतल्या पोराने फोन दोन-चारदा इकडेतिकडे केला आणि म्हणाला, "बाबा, तुमची रॅम कमी पडू राहिली, चारची आठ करून देतो, नवीन घ्यायला जाल तर बारा हजार जातील, हे बाराशेत होऊन जाईल." आप्पांनी फोन दिला. तो आतल्या बाजूला गेला, थोड्या वेळाने आला आणि स्क्रीन समोर धरली. त्यावर रॅमच्या ओळीत ४.०० जीबी + ४.०० जीबी असं स्पष्ट लिहिलेलं. आप्पांनी स्वतःच्या डोळ्यांनी आकडा बघितला, आणि आकडा वाचता येणाऱ्या कुठल्याही माणसाला तो खराच वाटणार. मग पोरगा म्हणाला आता सॉफ्टवेअर चालू करायला पाच रुपयांचं व्हेरिफिकेशन करावं लागतं, इथं तुमचा पिन टाका. पाचच रुपये कापले जाणार असं स्क्रीनवरही होतं. बिल मागितलं तर बिलावर जीएसटी लागेल बाबा, कशाला, असं उत्तर.

पहिले एकदोन दिवस फोन खरंच बरा चालला. ह्याचं कारण एवढंच की फोन बंद करून चालू केला होता आणि ॲपांची कॅशे (त्यांनी साठवलेल्या तात्पुरत्या फाईली) उडवली होती, हे घरी कोणीही फुकटात करू शकतं. पण त्या एकदोन दिवसात माणसाला वाटतं काम झालं, आणि दुकानदाराला तेवढंच पाहिजे असतं. नंतर सुरू झाल्या जाहिराती. फोन लावायला गेलं की पूर्ण स्क्रीनभर जाहिरात, लॉक उघडलं की जाहिरात, आणि मधेच लाल अक्षरात हिंदीत की तुमच्या फोनमधे व्हायरस आहेत, लगेच साफ करा. फोन पहिल्यापेक्षाही हळू.

दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा भाऊबीजेच्या दिवशी आईने पासबुक पुढे ठेवलं, म्हणाली बघ गं हे काय कापलं जातंय. यूपीआय १९९, मग काही दिवसांनी परत यूपीआय १९९, परत १९९, एकाखाली एक, मधे कुठे कापसाच्या औषधाचे पैसे, कुठे किराणा, आणि परत १९९. दर आठवड्याला. आप्पांना वाटत होतं बँकेचा चार्ज असेल काहीतरी.

मी फोन घेऊन बसले आणि एकेक उलगडत गेलं.

पहिलं, ती रॅम. त्या ४ + ४ मधले दुसरे ४ म्हणजे रॅम नाहीच. आजकाल बऱ्याच अँड्रॉईड फोनमधे सेटिंगमधेच एक बटण असतं, कोणी त्याला रॅम प्लस म्हणतं, कोणी व्हर्च्युअल रॅम, कोणी मेमरी एक्सटेन्शन. ते चालू केलं की फोन स्वतःच्या स्टोरेजमधलाच एक तुकडा काढून रॅमच्या मदतीला ठेवतो. बटण कंपनीने दिलेलं, फुकट, दाबायला दहा सेकंद पण लागत नाहीत, त्याचे बाराशे घेतले. आणि स्टोरेज हे खऱ्या रॅमपेक्षा खूप हळू असतं, स्वस्त फोनमधे तर अजूनच, त्यामुळे खरी रॅम वाढल्याचा फायदा ह्यातून होत नाही. आता ह्यातली चीड आणणारी गोष्ट ऐका. आप्पांचा फोन स्लो झालाच होता मुळात स्टोरेज गच्च भरलं म्हणून, जेमतेम दोन-तीन जीबी शिल्लक राहत होतं. फोनला काही लिहायचं-पुसायचं तर मोकळी जागा लागते, ती नसली की तो अडकत अडकत चालतो. ह्या पोराने कॅशे उडवून जी जागा मोकळी केली त्यातलीच चार जीबी ह्या नकली रॅमला देऊन टाकली. म्हणजे ज्या कारणाने फोन अडत होता तेच त्याने वाढवून दिलं, आणि त्याचे पैसे घेतले.

दुसरं, ते ॲप. रॉकेटचं चित्र असलेलं बूस्टर. प्ले स्टोअरवरून नाही, ब्राउझरमधून एपीके (ॲपची फाईल) उतरवून टाकलेलं, त्यासाठी अननोन ॲप्सची परवानगी चालू केलेली आणि चालूच ठेवलेली. त्याला काय काय दिलं होतं बघा, इतर ॲपांच्या वर दिसायची परवानगी, नोटिफिकेशन वाचायची परवानगी, ॲक्सेसिबिलिटी, आणि वर डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनवर जादा ताबा. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे अंध-अपंगांच्या सोयीसाठी केलेली गोष्ट आहे, ती ज्या ॲपला दिली ते तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या जागी बटणं दाबू शकतं. ज्या फोनमधे बँक आहे त्यात हे! माझ्या अंगावर काटाच आला. अनइन्स्टॉलचं बटण दबतच नव्हतं. मग आधी सेटिंगमधे डिव्हाइस ॲडमिनमधून त्याला काढलं, फोन सेफ मोडमधे चालू केला (बाहेरून टाकलेली ॲप्स त्यात चालत नाहीत), आणि तिथून उडवलं. नंतर प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टने फोन तपासला आणि यूपीआयचा पिन दुसऱ्या फोनवरून बदलला.

बूस्टर, क्लीनर ह्या प्रकाराबद्दल एक सांगते कारण अजूनही लोक हौसेने टाकतात. अँड्रॉईड आपली रॅम स्वतःच सांभाळतो, लागेल तसं मागचं ॲप बंद करतो. बूस्टर सगळी ॲप्स मारून टाकतो आणि आकडा दाखवतो की इतकी रॅम मोकळी झाली, पण व्हॉट्सॲपसारखी ॲप्स लगेच परत उठतात, त्यात बॅटरी जास्त जाते आणि हाती काही लागत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलने त्रास देणाऱ्या जाहिराती दाखवणारी जवळपास ६०० ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली होती. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यातलं टिकटॉक सगळ्यांना आठवतं, पण त्याच यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, डीयू बॅटरी सेव्हर पण होते.

तिसरं, ते १९९. पाच रुपयांच्या नावाखाली जो पिन टाकून घेतला तो यूपीआय ऑटोपेचा होता, म्हणजे पाच रुपयात तीन दिवस ट्रायल आणि नंतर दर आठवड्याला आपोआप. एकदा मंजुरी दिली की १५ हजारापर्यंतच्या रकमेला दरवेळी पिन लागत नाही. पैसे कापायच्या २४ तास आधी कळवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तसे मेसेज आलेही होते, इंग्रजीत, ऑफरांच्या आणि कर्ज घ्या वाल्या मेसेजांच्या ढिगात. आप्पांनी ते वाचून समजून घ्यावेत ही अपेक्षाच चुकीची आहे. निदान मराठीत तरी पाठवा.

भाऊ आणि मी दुकानात गेलो. तो पोरगा आधी म्हणाला, "आठ दिसू राहिली ना ताई, मग प्रॉब्लेम काय?" मी त्याच्यासमोर सेटिंगमधलं ते बटण बंद केलं, फोन परत चालू केला, वरचे चार गायब, परत चालू केलं, परत आठ. दुकानात अजून गिऱ्हाईक उभं होतं, ते बघू लागलं तसा त्याचा आवाज खाली आला. ॲपचं म्हणाला ते कंपनीचं आहे, मला काही माहीत नाही. बरीच वादावादी झाल्यावर सातशे रुपये परत दिले, पाचशे नाही. बिल नसल्यामुळे आमच्या हातात दाखवायला काही नव्हतं हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाकली आहे.

खात्यातून गेलेल्या पैशांसाठी १९३० वर फोन केला, सायबर फसवणुकीचा तो राष्ट्रीय नंबर आहे, आणि बँकेतही लेखी दिलं. बँकेत सांगितलं की पिन ग्राहकाने स्वतः टाकला आहे त्यामुळे हा व्यवहार मंजूर धरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही असं होतं, मी ते दाखवलं, पण आमच्या प्रकरणाला ते लागू होईल हे त्यांनी मानलं नाही. त्यामुळे अशी कपात दिसली की उद्या-परवा करू नका, त्याच दिवशी कळवा. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.

मग फोन खरंच फास्ट केला, फुकटात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज, तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाईली आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या फाईली वेगळ्या दिसतात. आप्पांच्या फोनमधे नुसतं व्हॉट्सॲपचं २२ जीबी. भावकीचा ग्रुप, कीर्तनाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कापूस भावाचे तीन ग्रुप, आणि सकाळी सकाळी शुभ सकाळचे फुलांचे फोटो. आप्पा शेजारी बसून प्रत्येक फोटो विचारत होते हा ठेव, हा जाऊ दे. नातवंडांचे आणि पिकाचे फोटो मेमरी कार्डावर टाकले, बाकी उडवले, आणि ऑटो डाउनलोड बंद केलं. न लागणारी ॲप्स काढली, नकली रॅमचं बटण बंद ठेवलं. डेव्हलपर ऑप्शन्समधे जाऊन (बिल्ड नंबरवर सात वेळा दाबलं की ते उघडतं) तिन्ही ॲनिमेशन स्केल १ चे ०.५ केले, त्याने स्क्रीन पटकन बदलल्यासारखी वाटते. जळगावला गोलाणी मार्केटमधे एका ओळखीच्या रिपेअरवाल्याला पण फोन दाखवला, बॅटरी किंवा काही बदललं तर नाही ना म्हणून. त्याने उघडून बघितलं, सगळं मूळचंच आहे म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत. असे पण दुकानदार आहेत आणि त्यांचा धंदा ह्या असल्या लोकांमुळे बदनाम होतो. बॅटरी बदलून फरक पडतो अशाही वेळा असतात, जुन्या बॅटरीमुळे आयफोन मुद्दाम हळू चालवले जातात हे ॲपलने डिसेंबर २०१७ मधे स्वतः कबूल केलं होतं, म्हणजे पैसे घेऊन केलेलं प्रत्येक काम खोटं असं मी म्हणत नाही. रॅम वाढवणं मात्र खोटंच.

आप्पांनी नंतर त्याच फोनवरून कपास किसानची नोंदणी स्वतः केली.

हे सगळं झाल्यावर गल्लीतल्या लोकांचे फोन बघितले. भावकीतल्या एका काकांच्या फोनमधे तेच रॉकेट, त्याच दुकानातलं, आणि कपात अजून चालूच होती. त्यांनी ॲप एकदा काढून पण टाकलं होतं, पण ॲप काढलं म्हणून ऑटोपे बंद होत नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता घरी जाल तेव्हा वडिलांच्या फोनमधे यूपीआय ॲप उघडा, प्रोफाईलमधे ऑटोपे नावाची जागा असते, तिथे चालू असलेली सगळी मँडेट (आपोआप पैसे कापायच्या मंजुऱ्या) दिसतात, ओळखीचं नसेल ते तिथेच रद्द करा. मग प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या फोटोवर दाबा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समधे सबस्क्रिप्शन्स बघा, तिथे पण काही चालू असेल तर बंद करा.