दोन तासांच्या आत नाक कोरत बसू नका

माझे ५,४९९ रुपये गेले. ओटीपी कुणाला दिला नाही, भलत्या लिंकवर क्लिक केलं नाही. स्वतःच्या हाताने यूपीआय पिन टाकला, तोही एका व्हिडिओ गेमसाठी, रिलीजच्या दोन महिने आधी.

गेमचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गाजलेल्या कथामालिकेवरची ती आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम होता, एवढं पुरे. त्या मालिकेची पुस्तकं मी आणि धाकट्या भावाने कॉलेजात असताना एकाच प्रतीवर वाचली होती. तो रात्री वाचायचा, मी सकाळी, आणि पुढचं फोडलं म्हणून आमची खरोखरची हाणामारी झालेली आहे. आता त्याच जगात आपणच एक पात्र होऊन फिरायचं आणि आपल्या निर्णयांनी गोष्ट वळणार, असं ट्रेलर सांगत होता. ट्रेलरखाली बारीक अक्षरांत ‘प्रत्यक्ष गेमप्ले नाही’ अशी ओळ होती. मी ती वाचली होती हो. विम्याच्या कागदावरच्या बारीक अटी वाचतो तशी.

साधी आवृत्ती ३,९९९ ला होती. डीलक्समध्ये एक चिलखत, एक घोडा, पुढे कधीतरी येणाऱ्या भागांचा पास, आणि रिलीजच्या तीन दिवस आधी खेळायची मुभा. घोड्याचं मला काही नव्हतं, मी त्या तीन दिवसांना भुललो. समीक्षकांच्या तोंडावरची पट्टी मात्र रिलीजच्या दिवशीच सुटणार होती. म्हणजे दीड हजार जास्त मोजून मी काय विकत घेतलं, तर कुणी सावध करायच्या आत खड्ड्यात उतरायचा मान.

आता वेळेचा हिशेब बघा, कारण खरी मेख तिथेच आहे. स्टीमवर, म्हणजे मी गेम घेतला त्या ऑनलाइन दुकानात, पैसे परत मागायचे तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून मागावे लागतात. आगाऊ घेतलेल्या गेमचे १४ दिवस रिलीजपासून धरतात, त्यामुळे मी निवांत होतो. पण एप्रिल २०२४ पासून रिलीजआधी खेळलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो. हे मला नंतर कळलं. नियम लिहिलेला आहे, लपवलेला नाही. वाचायचा राहिला तो माझ्याकडून.

रात्री ११० जीबी उतरलं. गेम सुरू केला तर पडद्यावर ‘शेडर तयार होत आहेत’ (म्हणजे ग्राफिक्सची पूर्वतयारी) आणि मुंगीच्या चालीने सरकणारी पट्टी. पंचवीस मिनिटं. घड्याळ चालूच. मग पात्र बनवायचं. नुसत्या नाकाला नऊ स्लायडर. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता आणि आम्ही दोघं त्या नाकावर वाद घालत बसलो. तो म्हणाला, ‘दादा, आजोबांचं नाक दे त्याला.’ दिलं. हुबेहूब जमलं, आणि चाळीस मिनिटं गेली. त्यानंतरची पहिली मोहीम मात्र देखणी होती. पेटलेला वाडा, पाऊस, जुन्या पात्राचा ओळखीचा आवाज. आम्ही खूश. तेवढ्यात घड्याळाने दोन तास ओलांडले.

शहराच्या तटाबाहेर पाऊल टाकलं आणि सगळं संपलं. पुढे मोकळं माळरान, ठरावीक अंतरावर तेच तीन प्रकारचे डाकू, आणि प्रत्येक गावात कुणाचं तरी काहीतरी हरवलेलं. एका सरायवाल्याने विचारलं, आमच्या बाजूने लढशील का? उत्तरं तीन: हो, नाही, विचार करून सांगतो. मी सेव्ह करून तिन्ही दाबून पाहिली. तिन्हीला तो म्हणाला, ‘मला ठाऊक होतं, तू असंच म्हणशील.’ भाऊ पलीकडून म्हणाला, ‘दादा, काहीही म्हण, तो तेच बोलतोय रे.’ निर्णयांनी गोष्ट वळते ती ही.

खेळून झाले होते २ तास ४० मिनिटं. रिफंडची विनंती केली, नियमाप्रमाणे नाकारली गेली.

‘थांब, पॅच येतील, सुधारेल,’ असं म्हणणारे मित्र प्रत्येकाला असतात. त्यांना ‘सायबरपंक २०७७’ आठवतो का? १० डिसेंबर २०२० ला तो आला. आधी समीक्षकांच्या हाती पीसीची प्रत होती, कन्सोलची नव्हती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेला गेमप्ले त्यांना दाखवता येत नव्हता. सोनीच्या साध्या पीएस४ कन्सोलवर त्याची काय गत होते, हे पैसे मोजलेल्या लोकांनी आपापल्या घरी पाहिलं. १८ डिसेंबरला सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत करायला घेतले. पुढे गेम खरंच सुधारला. २०२३ च्या २.० अपडेटनंतर लोक तोंड भरून कौतुक करू लागले. पण ते अपडेट आणि त्याच वर्षीचा मोठा विस्तार, दोन्ही पीएस४ वर आलेच नाहीत. गेम सुधारतो हो. पहिल्या दिवशी पैसे भरलेल्या माणसाच्या मशीनवर सुधारेलच असं नाही.

आणि महागड्या आवृत्तीतल्या वस्तूंचं म्हणाल, तर २०१८ चा ‘फॉलआउट ७६’ हा गेम आहेच. २०० डॉलरच्या पेटीत कॅनव्हासची पिशवी कबूल केली होती, निघाली नायलॉनची. ओरड झाल्यावर आधी गेममधली ५०० नाणी देऊ केली, खऱ्या पिशव्या त्यानंतर.

तुम्ही आत्ता कशाची प्री-ऑर्डर करून बसला असाल, तर स्टीमवर ती रिलीजच्या आधी कधीही रद्द करता येते. लवकर खेळायची मुभा असेल तर ती सुरू व्हायच्या आत करा. गेम घेतलाच, तर पहिल्या बैठकीत तयार चेहरा उचला आणि सरळ शहराबाहेर पळा. शेडरच्या पट्टीपासून घड्याळ लावा. तुमच्याच ग्राफिक्स कार्डवर कुणा अनोळखी पोराने न कापता टाकलेला तासाभराचा व्हिडिओ मिळाला, तर तो दहा ट्रेलरांपेक्षा बरा. जाहिरातीत सरळसरळ खोटं सांगितलंय असं वाटलं तर स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे.

पाच महिन्यांनी तोच गेम, पासासकट, १,३९९ ला सेलमध्ये लागला. भावाने लिंक पाठवली, खाली लिहिलं होतं, ‘आजोबा अजून सरायीतच उभे आहेत का?’