मराठी प्रोसेस, इंटरनॅशनल की फ्रंट डेस्क? इंदूरमधले तीन इंटरव्ह्यू

माझी मावसबहीण यंदा बी.कॉम. झाली. घर रामबागेत, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. कस्टमर सर्व्हिसमध्ये जायचं तिचं पक्कं आहे, पण कुठल्या प्रकारात, ते ठरत नाहीये. चार वर्षांपूर्वी मी तिन्ही प्रकारचे इंटरव्ह्यू एकाच महिन्यात दिले होते. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिला होता मराठी-हिंदी व्हॉइस प्रोसेसचा, म्हणजे फोनवर ग्राहकांशी बोलायच्या कामाचा, विजयनगरला. ग्राहक महाराष्ट्रातले, काम विम्याचं. मला वाटलं, मराठी तर घरचीच, यात काय अवघड? एचआरनं पाच मिनिटांत माहिती विचारून घेतली आणि ऑपरेशन्सच्या मॅडमनी सरळ मॉक कॉल घेतला. त्या चिडलेल्या ग्राहक झाल्या: हप्ता दोनदा कापला गेलाय, पैसे परत कधी मिळणार? मी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, माफी मागितली, पॉलिसी नंबर विचारला. त्यांनी तो जोड्यांनी सांगितला, "एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी, त्रेपन्न", आणि मी ६९ च्या जागी ७९ लिहिलं. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत बोलणं मराठी असलं तरी आकडे हिंदीतच येतात. उनहत्तर लगेच कळतं, एकोणसत्तरला मनात हिशेब करावा लागतो. वर मी म्हणाले, "चेक करून राहिले आहे." मॅडमनी तिथेच थांबवलं: कोल्हापूरच्या ग्राहकाला "चेक करतेय" ऐकायची सवय आहे.

तरीही त्यांनी मला घेतलं, कारण घाबरल्यावर मी एक गोष्ट बरोबर केली. "एकेक अंक सांगाल का?" असं विचारून सगळा नंबर परत वाचून दाखवला. या कामाचं मर्म तेच आहे. चूक प्रत्येकाकडून होते, ती फोन ठेवायच्या आधी पकडता आली पाहिजे.

इंटरनॅशनलचा, म्हणजे परदेशी ग्राहकांच्या कॉलचा, इंटरव्ह्यू अख्खा दिवस चालला. आधी कॉम्प्युटरवर व्हर्संट ही इंग्रजी बोलण्याची चाचणी: वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणायचं, छोटी गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगायची. मार्क मशीनच देतं. मग दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं. माझ्या पुढचा मुलगा अमेरिकन ढंगात बोलायला गेला आणि तिथेच बाद झाला. त्यांना सावकाश, स्वच्छ बोलणं हवं असतं. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना एकच 'व' वापरतो, तेवढं घरी सुधारून जावं.

पण खरा प्रश्न इंग्रजीचा नाही, रात्रीचा आहे. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० झालेले असतात. नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की ७.३०. म्हणजे शिफ्ट सुटेपर्यंत आपली पहाट. पगार तिन्हींत इथेच जास्त सांगितला. कॅब दारापर्यंत येणार की गल्लीच्या तोंडाशी सोडणार, हे मुलींनी इंटरव्ह्यूतच विचारावं, लाजू नये. मी विचारलं, उत्तर गोलमोल आलं, म्हणून मी नाही म्हटलं.

तिसरा एका रुग्णालयाच्या फ्रंट डेस्कचा. दहा मिनिटांत संपला. दिवसाची ड्युटी, घराजवळ, पण पीएफचं विचारल्यावर विषय बदलला. २० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ द्यावाच लागतो, आणि तिथे त्याहून कितीतरी जास्त होती.

पगाराचं नीट समजून घ्या. समजा महिना १८,००० आणि पीएफ १२,००० बेसिकवर. तुमचे १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातात. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, ०.७५ टक्के, इथे १३५. हातात येतात १६,४२५. कंपनी स्वतःच्या वाट्याचे पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ५८५ मिळवून सीटीसी, म्हणजे तुमच्यावरचा तिचा एकूण खर्च, २०,०२५ सांगते. म्हणून "इन-हँड किती, आणि त्यात इन्सेंटिव्ह धरलाय का?" हे दोन्ही विचारा. आणि जॉबसाठी रजिस्ट्रेशनचे पैसे मागणाऱ्या एजंटाकडून सरळ उठून या. माझे पंधराशे तसेच गेले, आजही वाईट वाटतं.

बहिणीला मी मराठी प्रोसेस सुचवली. तिचं इंग्रजी बरं आहे, पण तिची झोप कच्ची आहे, आणि मावशी ती येईपर्यंत जागीच राहणार. वर्षभर रोज अनोळखी माणसांशी बोलून धीर आला की इंटरनॅशनल आहेच. जिच्या घरी रात्रीची अडचण नाही, जिला दिवसा गाढ झोप लागते, तिनं मात्र थेट तिकडेच जावं.

तिचा इंटरव्ह्यू गुरुवारी आहे. काल रात्री मावशी विजेची जुनी बिलं काढून ग्राहक क्रमांक मराठीत वाचत होती आणि ही समोर बसून लिहून घेत होती. एकोणऐंशीला दोघी अडल्या.