भद्रावतीचे मिस्त्रीभाऊ : जुन्या जिप्सीच्या कॅलिपरसाठी

ताडोबाच्या मोहर्ली गेटकडच्या धुळीनं आमच्या १९९६च्या जिप्सीचा पुढचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारा भाग, जाम झाला होता. ब्रेक सोडला तरी चाक तापायचं. भद्रावतीच्या या मिस्त्रीभाऊंनी हवेच्या दाबानं त्यातला पिस्टन काढला, गंज दाखवला. म्हणाले, "पॉलिशनं नाही भागत जी, पिस्टन नवाच लागते." पिस्टनभोवतीच्या रबरी सीलला ब्रेक ऑइल लावलं, कॅलिपर सरकतो त्या पिनांना रबर ग्रीस. साध्या ग्रीसनं रबर फुगतं, आणि ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागं ओढायचं काम त्या सीलचंच. हे समजून काम करणारा इकडं दुर्मीळच, बाप्पा!

दुरुस्त कॅलिपर जुन्याच्या बदल्यात विकतातही. रंग चकचकीत असतो, पण ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) सुटतो का ते तिथंच पाहून घ्या. बिल मागितल्यावरच मिळतं. मंगळवारी मात्र जाऊ नका. ताडोबा बंद, साऱ्या जिप्स्या त्यांच्याच दारात.