आर-टाइप: काही महिने रोज मरून झाल्यावर

आर-टाइप हा पाठांतराचा गेम आहे. काही महिने खेळून माझं हे मत पक्कं झालंय. आडव्या सरकणाऱ्या स्क्रीनवर यान उडवायचं, गोळ्या चुकवायच्या, दिसेल ते उडवायचं असा हा प्रकार असल्याने बोटं चपळ हवीत असं लोक सांगतात. माझी बोटं मध्यमच आहेत आणि तरीही मी सातव्या लेव्हलपर्यंत पोचले, कारण कुठला शत्रू कुठून येणार हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

मूळ गेम इरेम या जपानी कंपनीचा, १९८७ चा, आर्केड मशीनवरचा. मी खेळतेय ती आर-टाइप डायमेन्शन्स ईएक्स ही २०१८ ची आवृत्ती. तिच्यात पहिला भाग आणि १९८९ चा दुसरा भाग असे दोन्ही आहेत. कथा विचाराल तर दुष्ट बायडो साम्राज्यावर तुटून पडा, एवढंच. तुमचं आर-९ यान उजवीकडे निघतं आणि खेळ सुरू. बायडो मुळात माणसानेच घडवलेले वगैरे पुराण पुढच्या भागांनी रचलंय, ते वाचलं नाही तरी काही अडत नाही.

नियम निर्दय आहेत. एक गोळी लागली की यान फुटलं. भिंतीला घासलं तरी फुटलं. आणि फुटलं की मेलात तिथून नाही, मागच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे लेव्हलमधल्या आधीच्या ठरलेल्या थांब्यापासून सुरुवात, तीही रिकाम्या हातांनी. त्याबद्दल पुढे बोलूच, आधी ज्यासाठी हा गेम खेळावा त्या गोष्टीबद्दल.

ती म्हणजे फोर्स. पहिला रंगीत स्फटिक उचलला की एक चमकता गोळा मिळतो. तो यानाच्या नाकावर बसवता येतो, शेपटीवर बसवता येतो किंवा बटण दाबून पुढे भिरकावता येतो. त्याला काहीही होत नाही. शत्रूच्या साध्या गोळ्या तो अडवतो, छोटे शत्रू नुसत्या स्पर्शाने मारतो, आणि सुटा असताना गोळीबारही करतो. पहिले काही आठवडे मी तो नाकावर चिकटवूनच खेळत होते, बहुतेक सगळे तसंच करतात. मग हळूहळू कळायला लागतं की फोर्स जिथे आहे तिथे तुम्ही असण्याची गरज नाही. अरुंद बोगद्याच्या तोंडाशी तो सोडून द्यायचा आणि आपण खालच्या कोपऱ्यात सुरक्षित थांबायचं. मागून हल्ला येणार हे माहीत असेल तर आधीच परत बोलवून शेपटीवर घ्यायचा, म्हणजे लेझर उलट्या दिशेने सुटतो. हा बदल ऐन वेळी होत नाही, कारण बोलावल्यावर तो सावकाश येतो, आणि यानाच्या ज्या बाजूला येऊन टेकेल तिथेच बसतो. म्हणजे निर्णय काही सेकंद आधी घ्यावा लागतो. इथेच ते पाठांतर उपयोगी पडतं.

स्फटिकाच्या रंगावर लेझर ठरतो. लाल पुढे वेटोळं घालत जातो, निळा भिंतींवर आपटून परततो, पिवळा जमिनीला आणि छताला चिकटून सरपटतो. नवशिक्याला लाल आवडतो, कारण तो दणकट दिसतो. मला निळा आवडतो. गुहेसारख्या जागेत तो जिथे यान जाऊच शकत नाही तिथले तोफखाने साफ करतो. पिवळा मी अजूनही नाइलाजानेच उचलते.

दुसरी गंमत बीमची. गोळीचं बटण दाबून धरलं की स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी भरत जाते आणि सोडल्यावर मोठा झोत सुटतो. पण पट्टी भरत असताना गोळीबार बंद. ते एक-दोन सेकंद निशस्त्र राहायचं की पटापट बटण बडवत राहायचं, हा प्रश्न गेम सतत विचारत असतो. फोर्स पुढे ढाल म्हणून असेल तर उत्तर सोपं, नसेल तर पोटात गोळा. बटण बडवून अंगठा दुखतो, हेही इथेच सांगून टाकते.

आठ लेव्हल्स आहेत आणि त्यांच्यात सारखेपणा अजिबात नाही. पहिलीचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, डॉबकेराटॉप्स सगळ्या पोस्टरांवर असतो. दिसतो भयंकर, पण पोटातून डोकावणाऱ्या प्राण्यावर नेम धरला तर लवकर पडतो. तिसरी लेव्हल मात्र अजून माझी लाडकी. ती अख्खी लेव्हल म्हणजे एकच अवाढव्य युद्धनौका. तुम्ही तिच्या खालून, मागून, वरून फिरत तिचे तोफखाने एकेक करून उडवायचे, आणि त्याच वेळी तिच्या इंजिनांच्या ज्वाळांपासून लांब राहायचं. स्क्रीनवर जागा जवळजवळ उरत नाही. नौका कुठल्या क्षणी कुठे सरकते हे कळलं की ती लेव्हल नाचासारखी होते, पावलं ठरलेली, फक्त चुकवायची नाहीत. चौथीत शत्रू हिरवं जाळं विणत जातात आणि ते फोडत वाट काढावी लागते. शेवटी येणारा बॉस कंपाइलर तीन तुकड्यांत सुटतो आणि पुन्हा जुळतो. पाचवी बरी आहे.

सहावी मला आवडत नाही, स्पष्टच सांगते. ठोकळे ठरलेल्या रुळांवरून चारही बाजूंनी येतात आणि कुठला कोपऱ्यावर कुठे वळणार हे पहिल्यांदा बघणाऱ्याला कळायला मार्गच नाही. इतर लेव्हल्स मरण्याआधी निदान इशारा तरी देतात. ही सरळ मारते आणि मग शिकवते.

आता चेकपॉइंट. यान फुटल्यावर फोर्स गेला, लेझर गेला, क्षेपणास्त्रं गेली, यानाच्या वर-खाली राहणारे दोन छोटे गोळे (बिट) गेले, वेगही मूळ पदावर. पहिल्या दोन लेव्हल्समध्ये हे चालून जातं, पॉवर-अप, म्हणजे ही उचलायची शस्त्रं आणि वेग, लवकर परत मिळतात. पुढे मात्र तीच जागा नुसत्या बारीक गोळ्यांनी पार करायची म्हणजे जणू दुसराच गेम खेळायचा. त्या काळच्या शूटर्सची ही जातच अशी. कोनामी कंपनीच्या ग्रेडियस या यानाच्याच गेममध्येही हेच दुखणं होतं. १९८६ साली त्याची घरगुती आवृत्ती तयार होत असताना ती बनवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच तपासणीसाठी तो पूर्ण खेळणं जड गेलं, म्हणून त्यांनी सगळी शस्त्रं एकदम देणारा बटणांचा क्रम त्यात घातला. तोच पुढे कोनामी कोड म्हणून जगभर गाजला. बनवणाऱ्यालाच सूट लागली, तर आपण कशाला लाजायचं?

यावर माझा उपाय असा की प्रत्येक चेकपॉइंट ही स्वतंत्र लेव्हल समजायची. तिथून पुढे पहिला पॉवर-अप घेऊन येणारा शत्रू कुठे आहे, तोवर कुठल्या कोपऱ्यात जिवंत राहता येतं आणि काय सरळ सोडून द्यायचं, एवढंच आधी शोधायचं. सगळं मारायचा हट्ट सोडला की निम्मी कोडी सुटतात. वेगाचे पॉवर-अपही दिसेल तो उचलू नये. एक-दोन पुरतात, त्याहून जास्त झाले की यान हातात राहत नाही आणि अरुंद जागी भिंतच गाठते.

या आवृत्तीत इन्फिनिट मोड आहे. मेलात की तिथेच पुन्हा जिवंत, चेकपॉइंट नाही, यानं अमर्याद. त्यात संध्याकाळभरात गेम संपवता येतो आणि बरेच जण तेवढ्यावर 'संपवला' म्हणून मोकळे होतात. मला तो मोड नकाशा म्हणून उपयोगी पडला: पुढे काय आहे ते बघून यायचं, मग क्लासिक मोडमध्ये, म्हणजे चेकपॉइंटवाल्या मूळ नियमांनी, खरं खेळायचं. निव्वळ इन्फिनिटमध्ये खेळलात तर फोर्स लांब सोडायची गरजच पडत नाही, अंगावर घेत पुढे जाता येतं, म्हणजे गेममधली सगळ्यात सुंदर गोष्ट बाजूलाच राहते. वेग कमी-जास्त करायची सोयही आहे. युद्धनौकेचा एक वळसा मी हळू वेगातच शिकले.

चित्रांचं म्हणाल तर एका बटणावर जुनी द्विमितीय चित्रं आणि नवी त्रिमितीय चित्रं यांची अदलाबदल होते, खेळ चालू असतानाच. नवी चकाचक आहेत. मी जुनीच लावते, कारण त्यांत शत्रूची गोळी पार्श्वभूमीपासून चटकन वेगळी दिसते, आणि बायडोंचं ते ओलसर, मांसल रूप पिक्सेलमध्येच जास्त किळसवाणं वाटतं. संगीत छान, पण चेकपॉइंटमुळे प्रत्येक धून पहिल्या काही सेकंदांतच तुटते, त्यामुळे सुरुवाती तोंडपाठ आणि शेवट अनोळखी अशी माझी अवस्था आहे.

खेळणार असाल तर कंट्रोलरवरचा क्रॉस पॅड (अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशेचं बटण) वापरा. अ‍ॅनालॉग स्टिकने (अंगठ्याने फिरवायच्या दांडीने) बारीक सरकणं जमत नाही. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण आणि यान यांच्यात जी किंचित ढिलाई येते तिने इथे जीव जातो. टचस्क्रीनवर हा गेम खेळण्याच्या फंदात पडू नका, बोटाखालीच शत्रू झाकला जातो.

घरच्या मशीनवर हा गेम बसवणंसुद्धा सोपं नव्हतं म्हणे आणि ते पटतं: १९८८ मध्ये जपानात पीसी इंजिन या घरगुती गेम मशीनसाठी तो आला तेव्हा दोन वेगळ्या कार्डांत विकला गेला, अर्ध्या लेव्हल्स एकात, अर्ध्या दुसऱ्यात. माझे त्या पहिल्या कार्डावर काही महिने सहज निघाले असते.

दुसरा भाग मी उघडून पाहिला आणि बंद केला. बीम तिथे आणखी एक पायरी वर भरता येतो, शत्रू त्या हिशेबानेच चिवट केलेत. पहिल्या भागातही आठवी लेव्हल झाली की गेम थांबत नाही. तीच वाट, जास्त अवघड, पुन्हा पहिल्यापासून. इन्फिनिट मोडमध्ये मी तिकडे डोकावून आले. तूर्त लक्ष्य एकच, सातव्या लेव्हलचा शेवटचा चेकपॉइंट फोर्सशिवाय पार करणं. तिथला पहिला पॉवर-अप कुठे आहे ते सापडलंय, तिथपर्यंत जगायचं तेवढं बाकी आहे.