लग्नाच्या केकला रिबन लावून घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा

मागच्या मे महिन्यात इथे इंदूरला पुतणीचं रिसेप्शन होतं. तिला केकवर शालूच्याच मरून रंगाची सॅटिन रिबन हवी होती. केकवाल्या बाई लगेच म्हणाल्या, "दीदी, फूड ग्रेड इम्पोर्टेड रिबन आती है, उसका अलग लगेगा", आणि 10 मीटरचे 1800 रुपये अॅडव्हान्समध्येच घेतले. लग्नघरात कोण हिशोब करत बसतं, देऊन टाकले.

केक तीन मजली, 6, 9 आणि 12 इंची. फ्रिजमधून काढून हॉलमध्ये ठेवला नि त्या गर्मीत त्याला पाणी सुटलं, रिबनचा रंग पांढऱ्या बटरक्रीमवर उतरला आणि रिबनवर तेलकट डाग पडले. पुतणी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग जावेने पाच वर्षांच्या नातवाला भरवायला तुकडा मोडला तर आत टाचणी! रिबन चक्क टाचण्यांनी केकमध्ये खोचली होती. धावत जाऊन सगळ्यांच्या प्लेटा परत घेतल्या, अजून सहा निघाल्या. अजूनही आठवलं की हातपाय गार पडतात.

टेबलाखाली उरलेली गुंडाळी सापडली, त्यावर राजवाड्याजवळच्या लेसच्या दुकानाचं स्टिकर, 60 रुपये. कसली इम्पोर्टेड! आणि माप तरी बघा, केकच्या रुंदीला 3.14 ने गुणलं की घेर येतो, म्हणजे आमच्या तिन्ही मजल्यांना जोड धरून अडीच मीटरसुद्धा लागत नव्हती.

कोणी फूड ग्रेड म्हटलं तर पाकिटावर लिहिलेलं दाखवा म्हणावं. कापड क्रीममधलं तूप-तेल ओढतंच, म्हणून रिबनच्या मागे तेवढ्याच रुंदीची बटर पेपरची पट्टी पाहिजे, आणि टोकं मागच्या बाजूला एकावर एक घेऊन डबल टेपने चिकटवायची, टेप केकला लागता कामा नये. टाचणी एकही नाही, हे आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, आणि कापायच्या आधी रिबन काढायला लावा.

बाई आता फोन उचलत नाहीत. बिल घेतलं नव्हतं ही आमची चूक, पण यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्या स्टिकरचा आणि सातही टाचण्यांचा फोटो जपून ठेवलाय आणि ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार लिहवली आहे.