चीज बोर्डचा संच : दिसायला देखणा, मांडायला अवघड

पाहुण्यांसाठी चीज बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवर निरनिराळी चीज, फळे आणि क्रॅकर, मांडायचा म्हणून मार्चच्या सुरुवातीला मी एक संच ऑनलाइन मागवला. 2,400 रुपयांत 33 सेंटिमीटर व्यासाची अकेशिया लाकडाची गोल पाटी, तिच्याखाली सरकता खण, खणात चार सुऱ्या, तीन चिनी मातीच्या वाट्या आणि नावे लिहिण्यासाठी दगडी पाटीचे दोन छोटे तुकडे व खडू, एवढा ऐवज आला. लाकडाचा पोत खरोखर सुंदर आहे. गडद तपकिरी रेषांवर पांढरे, मऊ ब्री चीज ठेवले की काही न करताच ते उठून दिसते. आमच्या सासूबाईंनी मात्र तो उचलून, उलटा करून पाहिला आणि पोळपाटाला खण कशाला, एवढेच विचारले.

त्या शनिवारी आठ जण येणार होते. जेवणाआधीच्या खाण्याला माणशी पन्नास-साठ ग्रॅम चीज पुरते, या हिशेबाने मी ब्री, जुने गौडा, चेडर आणि थोडे ब्लू चीज आणले होते. पाहुण्यांपैकी तिघे शाकाहारी असल्यामुळे प्रत्येक वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घेतला, कारण काही चीजमध्ये, उदाहरणार्थ अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये, दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. सोबतीला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, काळी द्राक्षे, डाळिंबाचे दाणे, काजू आणि गोव्याहून आलेली पेराद होती. स्पेनमध्ये मांचेगो या मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी खातात. पेरूची पेराद तिच्याच जातीची असल्यामुळे जुन्या गौडाच्या खारट-खमंग चवीला ती फार चांगली साथ देते, आणि तिचा गडद लाल रंग पाटीवर आयताच मिळतो.

अडचण सुरू झाली ती मांडताना. या पाटीच्या कडेने सर्व बाजूंनी चार सेंटिमीटर रुंदीची खाच कोरलेली आहे. छायाचित्रात तीत क्रॅकर अगदी शिस्तीत उभे दिसतात. प्रत्यक्षात बाजारात सहज मिळणारे चौकोनी क्रॅकर तीत मावत नाहीत आणि गोल असलेले एकमेकांवर कलंडतात. खाच वजा केली की मधे जेमतेम 25 सेंटिमीटरची जागा उरते. त्यात चार प्रकारचे चीज ठेवले की सुरी चालवायला वाव राहत नाही, आणि वाट्या ठेवल्या तर चीज ठेवायला जागा राहत नाही. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात, कारण वाढले जाणारे पदार्थ ठरलेले असतात. चीज बोर्डावर दर वेळी तुकड्यांचा आकार वेगळा असतो. ब्रीची फोड त्रिकोणी, गौडाची चंद्रकोरीसारखी, ब्लू चीज भुरभुरीत. कोरून ठेवलेल्या जागा तिथे मदतीऐवजी अडसर होतात.

शेवटी क्रॅकर वेगळ्या ताटलीत काढले आणि खाचेत द्राक्षांचे छोटे घोस व स्ट्रॉबेरी गोलाकार मांडली. दिसायला ते अप्रतिम झाले, हे कबूल केले पाहिजे. चीज वाढण्यापूर्वी तासभर फ्रिजबाहेर ठेवावे, असे सांगतात. पुण्याच्या मार्चमध्ये अर्धा तासही ब्रीला जास्त झाला. त्याचा मऊ गाभा सालीतून हळूहळू ओघळत खाचेत उतरला, तिथे कापलेल्या स्ट्रॉबेरीच्या रसाला मिळाला आणि एका बाजूला गुलाबी चिखल तयार झाला. खाचेला उतार किंवा वाट नसल्यामुळे तो पुसूनही निघाला नाही.

सुऱ्यांविषयी तक्रार नाही. जुन्या चीजचे खडे फोडण्यासाठी आखूड, बदामाच्या आकाराची सुरी आणि मऊ चीज पात्याला चिकटू नये म्हणून भोके पाडलेली सुरी, या दोन्ही चांगल्या चालतात. दगडी पाटीवर खडूने लिहिलेली नावे पाहुण्यांना आवडली. मात्र खडूची भुकटी लक्षात घेऊन ती चीजपासून थोडी दूर ठेवावी. लाकडाला संचातील माहितीपत्रकाप्रमाणे खाद्य दर्जाचे खनिज तेल लावावे, घरातले गोडेतेल लावल्यास कालांतराने खवट वास येतो.

खण हा या संचाचा सर्वांत कमकुवत भाग आहे. भरलेला बोर्ड दिवाणखान्यात नेताना तो किंचित तिरका झाला, खण सरकला आणि दोन सुऱ्या माझ्या पायाशी पडल्या. खणाची कड तेव्हाच तडकली. पाच-सहा जणांसाठी, तीन प्रकारचे चीज आणि वेगळ्या ताटलीत क्रॅकर, एवढ्यापुरता हा संच घ्यायला हरकत नाही. त्याहून जास्त माणसे असतील तर याच किमतीच्या आसपास मिळणारी, खाच नसलेली, सपाट आणि लांबट पाटी घ्यावी. विक्रेत्याने तक्रारीनंतर नवा खण विनामूल्य पाठवला. तोही बोर्ड तिरका केला की उघडतो.