बँकॉक–पट्टाया बस आणि वाटेतलं रत्नांचं दुकान

बँकॉक ते पट्टाया अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, रस्ता उत्तम, दोन-अडीच तासांचा प्रवास. तरीही स्वस्तातल्या पॅकेजची बस सकाळी निघून दुपार उलटून गेल्यावर हॉटेलला पोहोचते. मधले तास दुकानांत जातात. बसचा खर्च तिकिटातून निघतच नाही, तो दुकानांच्या कमिशनवर चालतो. या ‘शून्य डॉलर’ सहलींवर थायलंड सरकारने 2016 मध्ये मोठी कारवाई केली होती, पण प्रकार काही थांबला नाही.

मुख्य थांबा रत्नांचा. दारात छातीवर स्टिकर चिकटवतात, म्हणजे खरेदीचं कमिशन कोणाच्या खात्यावर मांडायचं ते कळतं. खाणींची फिल्म, कारागीर, मग लांबच लांब काउंटर. हिंदी बोलणारा विक्रेता एकेका कुटुंबाला धरतो आणि किंमत निम्म्यावर आणतो. मूळ आकडाच फुगवलेला असतो, त्यामुळे त्या सवलतीला अर्थ नाही.

ज्योतिषाने माणिक किंवा पुष्कराज सुचवलेले आपले लोक इथे हमखास सापडतात. खडा बहुधा अगदी खोटा नसतो, आणि तीच खरी गोम आहे. भेगाळलेल्या माणकात शिशाची काच भरलेली असते. अंगठी सैल करायला सोनाराने ज्योत लावली की ती काच बिघडते, लिंबाच्या रसानेही पृष्ठभाग खराब होतो. पुष्कराजाचा पिवळा रंग बेरिलियमसोबत तापवून आणलेला असू शकतो, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दुकानाने स्वतःच दिलेलं प्रमाणपत्र अशा वेळी कामाचं नाही. पैसे परत करण्याची हमी असली, तरी खडा घेऊन परत थायलंडला कोण जाणार?

घ्यायचाच असेल तर बिलावर खड्याचं वजन, त्यावर केलेली प्रक्रिया आणि परतीच्या अटी लिहून घ्या. थायलंडच्या रत्न व आभूषण संस्थेची प्रयोगशाळा बँकॉकमध्ये सिलोम रोडवर आहे, तिथे खडा तपासता येतो. मात्र पॅकेजमध्ये पट्टाया आधी आणि बँकॉक नंतर असेल तरच हे जमतं. कार्ड मशीनने रुपये की बाट असं विचारलं तर बाट निवडा, रुपयांत दर महाग पडतो.

दुसरी वसुली बसमध्येच होते. पट्टायाजवळच्या कोरल आयलंड बेटाची स्पीडबोट, शो, पॅरासेलिंग असं सगळं माइकवरून विकतात. त्याच बेटावर पट्टायाच्या बाली हाय धक्क्यावरून साधी फेरीबोट मोजक्या बाटांत जाते.

पॅकेजचे पैसे भरण्याआधी खरेदीचे थांबे किती आणि प्रत्येकी किती वेळ, हे लेखी मागा. ‘सिटी टूर’मध्ये जेम्स (रत्नं), लेदर, मध असे शब्द दिसले तर अर्धा दिवस गेलाच समजा. बँकॉकच्या एकमाई बस स्थानकावरून पट्टायाची साधी बस मिळते, तिला दुकान लागत नाही. गाइडच्या गळ्यात सरकारी परवान्याचं कार्ड हवं, आणि तिथे हा परवाना फक्त थाई नागरिकालाच मिळतो. तक्रार करायची असेल तर देश सोडण्याआधीच टुरिस्ट पोलिसांना 1155 वर फोन करा, बिल आणि स्टिकर जपून ठेवा.